चीफ खानविलकरांचे तीनशे एक राउंड

"मशीन कधीच चुकत नाही. चुकतो तो माणूस! आणि मी चुकत नाही!"

हे वाक्य दीनानाथ खानविलकरांचं. विचारणाऱ्यांना ते सांगतच, पण न विचारणाऱ्यांना जास्त सांगत. बत्तीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढून ते आता सिंगापुरात एका शिपिंग कंपनीत किनाऱ्यावरची नोकरी करत होते. चीफ इंजिनियरचं पद जहाजावरच राहिलं, पण 'चीफ' हे नाव मात्र त्यांच्याबरोबर टॅम्पिनीस भागातल्या एका इमारतीच्या नवव्या मजल्यावर राहायला आलं. ओळखीचे सगळेच त्यांना चीफ म्हणत. फक्त सुमित्राबाई म्हणत नसत, कारण त्या फ्लॅटमधल्या चीफ त्या स्वतः होत्या.

जहाजावरून त्यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट आली होती, ती म्हणजे आवाज. इंजिनच्या धडधडाटावर मात करून बोलायची सवय. चीफ कानात कुजबुजले तरी दहाव्या मजल्यावर ऐकू जाई.

दोन हजार सहा सालच्या त्या ऑगस्टमध्ये मोठीच पंचाईत झाली. सुमित्राबाई वेट मार्केटमध्ये मासळीच्या गाळ्यासमोर घसरल्या आणि उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये गेला. गणपती तीन आठवड्यांवर! तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला उकडीच्या मोदकांचा नैवेद्य अकरा वर्षं त्यांच्याच हातचा. पहिल्या वर्षी एकवीस, गेल्या वर्षी दोनशे एक, आणि यंदा सभासद वाढले म्हणून तीनशे एक. त्यांच्या मोदकाच्या कळ्या मोजून घ्याव्यात अशा असत, आणि लोक खरोखरच मोजत.

मंडळाचे सेक्रेटरी पद्माकर यांचा फोन आला. "वहिनी, यंदा हाताला जपा. आपण पेढे मागवू."

सुमित्राबाई "बरं" म्हणाल्या. एवढंच. मग कपाटावरून काढून ठेवलेलं मोदकपात्र त्यांनी डाव्या हाताने परत वर सरकवलं. ते सरकवताना त्यांचा चेहरा चीफनी पाहिला. चीफनी आयुष्यात बंद पडलेली बरीच यंत्रं पाहिली होती, पण हे त्यांना बघवेना. त्यांनी तिथल्या तिथे पद्माकरना फोन लावला.

"पेढे कॅन्सल! तीनशे एक मोदक आमच्याकडूनच येणार!"

"अहो चीफ, पण करणार कोण?"

"मशीन!"

हे मशीन चीफच्या डोक्यात पाच वर्षांपासून फिरत होतं. ह्यूस्टन बंदरात हँक नावाचा एक शिपिंग एजंट होता. त्याने एकदा चीफना घरी नेऊन गॅरेजमधलं एक यंत्र दाखवलं. शिकारीच्या बंदुकीची रिकामी काडतुसं तो घरीच पुन्हा भरायचा, त्याचा हा प्रेस. चीफना बंदुकीचं काडीचं प्रेम नव्हतं, दिवाळीत लवंगी वाजली तरी ते दचकत. पण यंत्र पाहून मात्र त्यांचं भान हरपलं. एक गोल तबकडी, तिच्यावर पाच खाचा. दांडा एकदा ओढला की पाचही जागी पाच वेगवेगळी कामं एकदम व्हायची, आणि तबकडी एक घर पुढे सरकायची. म्हणजे दर ओढीला एक तयार काडतूस बाहेर! चीफनी वहीत चित्र काढून घेतलं. त्यांचं ते प्रेम पाहून हँकचं मन भरून आलं, आणि त्याने त्यांना मॅन्युअलातल्या बिघाड-दुरुस्तीच्या पानाची झेरॉक्स भेट दिली.

आता जुरोंगच्या एका ओळखीच्या वर्कशॉपमधून चीफनी ते चित्र स्टेनलेस स्टीलमध्ये उतरवून आणलं. काडतुसाच्या जागी पारी, दारूच्या जागी सारण. पहिल्या घरात उकडीच्या गोळ्याची पारी, दुसऱ्यात एक बेदाणा, तिसऱ्यात वरच्या हॉपरमधून, म्हणजे नसराळ्यातून, सारण, चौथ्यात कळ्या मिटून मोदक बंद, पाचव्यात ताटात! स्वयंपाकघराच्या ओट्याला चार बोल्ट मारून मशीन बसलं. वर भिंतीवर ती झेरॉक्स चिकटली, काडतुसांच्या चित्रांसकट.

पहिलं भांडण झालं ते शब्दावरून.

"हे बघ सुमित्रा, ह्या शेलमध्ये पावडर पडली की..."

"अहो, पारीला पारी म्हणा ना! आणि पावडर काय? सारण आहे ते!"

"मॅन्युअलात जे नाव, तेच नाव. शेल, पावडर, आणि तयार मोदक म्हणजे राउंड. उद्या स्पेअर पार्ट मागवताना घोटाळा नको."

"पारीचा स्पेअर कोण मागवतंय?"

चीफ पान्हा घेऊन पुन्हा बोल्ट आवळू लागले. प्रश्न तांत्रिक नसला की ते उत्तर देत नसत.

रविवारी चतुर्थी. शनिवारी दुपारी चाचणी. सुमित्राबाईंनी डाव्या हाताने खुणा करत, तोंडाने सूचना देत देत, चीफकडूनच उकड काढून घेतली. सारण मात्र त्यांनी स्वतः परतलं. चीफनी गोळा ठेवला, छाती फुगवली आणि दांडा ओढला.

पचाक!

पारीची पार चपाती झाली. चीफनी चष्मा वर करून झेरॉक्स वाचली. "शेल चेपतं आहे: वंगण कमी!" आणि ते टूलबॉक्सकडे वळले.

"खबरदार!" सुमित्राबाई कडाडल्या. "ग्रीसचा डबा आत ठेवा! तूप घ्या, तूप!"

तूप आलं. पण वंगणाच्या बाबतीत चीफचा हात जहाजाच्या मापाचा. अर्धी वाटी तूप साच्यात गेलं. चार वेळा दांडा ओढल्यावर ओबडधोबड का होईना, मोदकासारखं काहीतरी चौथ्या घरात दिसलं. चीफ हर्षभराने म्हणाले, "बघ!" आणि जोरात दांडा ओढला. तबकडी अर्ध्यातच अडकली, साचा अर्ध्या मोदकावर आदळला, आणि तुपाने माखलेला तो मोदक सुळकन निसटला. तो ओट्यावरून उडाला, उघड्या खिडकीतून कॉरिडॉरमध्ये गेला आणि शेजारच्या मॅडम ओंग यांच्या मनीप्लांटच्या कुंडीत जाऊन पडला.

"कुठे गेला?" सुमित्राबाईंनी विचारलं.

"टेस्ट फायर," चीफ म्हणाले. "तबकडीचा स्क्रू आवळायला हवा."

स्क्रू आवळला, तूप पुसलं. तर आता सारण पडेना! हॉपर भरलेला, खाली मात्र एक कण नाही. चीफनी हॉपरवर टिचक्या मारल्या. मग पान्हा मारला. मग हातोडी घेतली. ठाक! ठाक! ठाक! सारण ढिम्म. चार वाजले. चीफच्या कपाळावर पहिल्यांदाच घाम आला, आणि सुमित्राबाई खुर्चीवर बसून प्लास्टरकडे बघत होत्या. ते बघणं हातोडीपेक्षा जोरात लागत होतं.

आता एकच माणूस. रत्नदीप! हा नागपूरचा केमिकल इंजिनियर, जुरोंग आयलंडवरच्या, म्हणजे पासाशिवाय प्रवेश नसलेल्या रसायनांच्या बेटावरच्या, एका कारखान्यात कामाला. पाइपातून, हॉपरमधून निरनिराळ्या भुकट्या वाहत्या ठेवणं हीच त्याची रोजीरोटी. दर बुद्धपौर्णिमेला त्याच्या घरून खीर इकडे येई आणि चतुर्थीला मोदक तिकडे जात. स्वयंपाकघरात रेंज नव्हती, म्हणून चीफ मोबाइल घेऊन कॉरिडॉरमध्ये गेले. थेट मॅडम ओंग यांच्या दारासमोर.

"जय भीम, चीफ! बोला!" पलीकडून रत्नदीप.

"जय भीम, जय भीम! अरे, वाट लागली! पावडर अडकलीय! शेल आधी फुटत होतं, ते जमलं, पण पावडर खाली येत नाही! संडेला सकाळी थ्री हंड्रेड राउंड्स तयार पाहिजेत! एवढी पब्लिक जमणार, आणि माझा मिसफायर झाला तर तोंड दाखवायला जागा नाही! तू आहेस कुठे? जुरोंग आयलंड? मग पास दाखव नि लगेच बाहेर पड!"

"ओलं सारण असणार, चीफ. हॉपरला हादरा द्यायला काहीतरी लागेल. आलोच. वहिनींना सांगा, नैवेद्य तुमचा, हॉपर माझा!"

आता मॅडम ओंग. निवृत्त शाळामास्तरीण. अतिशय भली बाई. पण त्या दिवसांत शहरात मोठी जागतिक परिषद भरायची होती, आणि एमआरटीच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, डब्यात 'संशयास्पद काही दिसल्यास कळवा' हे त्या रोज दोनदा वाचत होत्या. त्यांना मराठी येत नव्हतं. त्यामुळे दाराआडून त्यांना चीफच्या बोलण्यातलं तेवढंच कळलं जेवढं मराठी नव्हतं. म्हणजे पावडर. शेल. संडे. थ्री हंड्रेड राउंड्स. पब्लिक. मिसफायर. जुरोंग आयलंड. पास.

चीफ आत गेल्यावर त्यांनी दार उघडलं. मग त्यांची नजर कुंडीत गेली. तिथे पांढरी, टोकदार, चकाकणारी वस्तू! त्यांनी तिच्यावर प्लास्टिकची बादली पालथी घातली आणि फोन उचलला.

पाऊण तासाने दारावर थाप पडली. रत्नदीप आला असं समजून चीफ ओरडले, "ये ये! पावडर आणलीस?" कारण मागाहून पुन्हा फोन करून त्यांनी त्याला सुकं खोबरं आणायला सांगितलं होतं.

दारात दोन पोलीस होते. पुढचा तरुण, सार्जंट फैझल. मागचा कॉरिडॉरमध्ये, बादलीपासून सुरक्षित अंतरावर. त्याच्याही मागे मॅडम ओंग.

"गुड ईव्हनिंग, अंकल. यू मेकिंग व्हॉट इनसाइड, अह?"

साधा प्रश्न होता. त्याला 'स्वीट' एवढं एकच उत्तर पुरलं असतं. पण यंत्राबद्दल विचारलं की चीफना राहवत नसे.

"प्रोग्रेसिव्ह प्रेस!" ते अभिमानाने म्हणाले. "सेम डिझाइन अॅज अॅम्युनिशन रिलोडिंग. मॉडिफाइड बाय मी!"

सार्जंटचा चेहरा बदलला.

"अहो, मोदक म्हणा, मोदक!" आतून सुमित्राबाई.

"मोदक!" चीफ.

"मॉडेल?" सार्जंटने वही काढली.

"नॉट मॉडेल, मोदक!"

"मॉडेल नेम मोडॅक," सार्जंटने लिहून घेतलं आणि तो आत आला. त्याने ओट्याला बोल्ट मारलेलं यंत्र पाहिलं. हातोडी पाहिली. मग भिंतीवरची झेरॉक्स पाहिली. काडतूस उभं, काडतूस आडवं, काडतूस कापून. खाली चीफनी स्वतः लाल पेनने अधोरेखित केलेलं 'मिसफायर'.

तेव्हा कुठे चीफनी आपलं स्वयंपाकघर पहिल्यांदा दुसऱ्याच्या नजरेने पाहिलं. तुरुंगाची भीती नंतर वाटली. आधी वाटलं, हा मशीन घेऊन जाईल! मग उद्या पेढे. मग ते मोदकपात्र पुन्हा कपाटावर.

नेमक्या त्याच वेळी लिफ्ट उघडली. गळ्यात कंपनीचा पास लोंबकळत असलेला रत्नदीप धावत बाहेर आला. एका हातात पांढऱ्या भुकटीसारख्या सुक्या खोबऱ्याची पिशवी.

"दॅट वन!" मॅडम ओंग किंचाळल्या. "जुरोंग आयलंड! पावडर!"

पाच मिनिटं सगळे एकदम बोलत होते, चार भाषांत. शेवटी सार्जंटने हात वर केला. "ओके, ओके! अंकल, यू से मेक फूड. शो मी."

दाखवा म्हणे! दुपारपासून एक धड मोदक ज्यातून निघाला नव्हता, ते मशीन आता पोलिसांना चालवून दाखवायचं!

रत्नदीपने हॉपरमध्ये बोट घातलं, सारण चिमटीत चोळलं. "गूळ जास्त ओला, वहिनी." त्याने सुकं खोबरं मिसळलं आणि इकडेतिकडे पाहिलं. "हादरा पाहिजे. चीफ, तुमचं दाढीचं मशीन आणा."

चीफचा बॅटरीवरचा शेव्हर आला. रत्नदीपने तो रबरबँडांनी हॉपरला घट्ट बांधला.

"व्हॉट यू टाय देअर?" सार्जंट दोन पावलं मागे सरकला.

"नो वायर, ऑफिसर!" रत्नदीपने धीर दिला. "बॅटरी ओन्ली!"

मागचा पोलीस कॉरिडॉरमधून थेट लिफ्टपर्यंत मागे गेला.

शेव्हर घुर्र करू लागला. सारण भुरभुर खाली उतरलं. सुमित्राबाई उठल्या, डाव्या हाताने साच्याला तुपाचं बोट लावलं. एकच बोट. चीफनी पहिला गोळा ठेवला आणि दांडा ओढला. मग दुसरा गोळा, तिसरा. तबकडी प्रत्येक वेळी टक्कन आपल्या घरात बसत होती. चौथी ओढ. पाचवी ओढ!

ताटात अलगद एक मोदक येऊन बसला. पांढराशुभ्र, ताठ, नाकासमोर चालणाऱ्या माणसासारखा. सुमित्राबाईंनी तो तळहातावर घेतला आणि फिरवून कळ्या मोजल्या. "एकवीस," त्या म्हणाल्या. चीफनी उगाचच चष्मा पुसला.

पण अजून उकडायचा होता. आणखी चार काढून पाचही मोदकपात्रात गेले, आणि सुमित्राबाईंनी सवयीने किचनचा टायमर लावला. टिक, टिक, टिक, टिक. सार्जंट फैझलने टायमरकडे पाहिलं. शेव्हरकडे पाहिलं. दहा मिनिटं तो दारातच उभा राहिला, एक पाय बाहेर ठेवून. टिंग वाजल्यावर सगळ्यात मोठी उडी त्याचीच.

"व्हेजिटेरियन?" त्याने विचारलं.

"प्युअर! राइस, कोकोनट, जॅगरी!"

त्याने अर्धा मोदक चावला. थांबला. मग उरलेला अर्धा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. "वा, अंकल! इनसाइड लाइक गुला मलाका! धिस वन कुए, लाह! व्हाय यू नेव्हर से कुए?"

कुए! तांदळाच्या पिठाचा, खोबऱ्याचा, गुला मलाका म्हणजे माडाच्या गुळाचा, इथला घराघरांतला गोड पदार्थ! दोन अक्षरं चीफना सुचली नव्हती. मॅडम ओंगनी एक खाल्ला, मग दुसरा. मग त्या बाहेर गेल्या आणि स्वतःच्या हाताने बादली उचलली. खाली पहिला मोदक निमूट बसला होता. सार्जंटने वहीत 'मोडॅक' खोडून 'कुए' लिहिलं, जाताना एकदा दांडा ओढून पाहिला, आणि "शिओक!" म्हणाला. हे इथलं 'झकास'. भिंतीवरची झेरॉक्स मात्र काढायला लावली. काढताना रत्नदीपने शेवटची ओळ वाचली. "चीफ, हे बघा. 'स्क्विब: राउंड बाहेरून पूर्ण, आत पावडर नाही. प्रत्येक राउंड वजन करून तपासा.'"

"म्हणजे फुसका बार ना?" सुमित्राबाई म्हणाल्या.

"ते अमेरिकेतल्या ढिसाळ लोकांसाठी," चीफनी कागदाची घडी घातली. "माझ्याकडे रिजेक्शन झीरो!"

आणि रविवारची सकाळ काय वर्णावी! साडेसहाला प्रॉडक्शन सुरू झालं. रत्नदीप गोळे वळत होता. मॅडम ओंग स्वतःहून आल्या होत्या, त्या बेदाणे घालत होत्या. चीफ दांड्यावर. सुमित्राबाई प्रत्येक मोदक डाव्या तळहातावर घेऊन पात्रात मांडत होत्या, ओठांतल्या ओठांत मोजत. शंभर झाले, दोनशे झाले. चीफ घामाने निथळत होते आणि इतके खूश होते की मॅडम ओंगना यंत्राचा सारा इतिहास इंग्रजीतून, हातवारे करत ऐकवत होते. पावणेअकराला सुमित्राबाई म्हणाल्या, "तीनशे एक." रत्नदीपने शेव्हर बंद केला. घरात एकदम शांत झालं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

हॉलमध्ये आरती झाली, नैवेद्य दाखवला गेला. पद्माकरनी माइकवरून जाहीर केलं, "सलग बारावं वर्ष! वहिनींचे उकडीचे मोदक!" सुमित्राबाईंनी पदर सावरला आणि खाली बघत हसल्या. लोक कळ्या मोजत होते, एकवीसच भरत होत्या, पुन्हा मोजत होते. "मशीनचे वाटतच नाहीत!" असं जो तो म्हणत होता, आणि चीफ ते पुन्हा एकदा म्हणायला लावत होते. पुढच्या वर्षी पाचशे एक, असं पद्माकर बोलून बसले.

"चीफ, दोन शब्द बोला!"

चीफ उठले. एका हातात माइक, ज्याची त्यांना अजिबात गरज नव्हती. "मशीन कधीच चुकत नाही!" ते गरजले. "चुकतो तो माणूस! आणि..."

"आधी मोदक तर खा!" कोणीतरी ओरडलं. सुमित्राबाईंनी पुढे होऊन, डाव्या हाताने, एक मोदक त्यांच्या प्लेटमध्ये ठेवला आणि वर तूप सोडलं. चीफनी सगळ्यांच्या देखत मोठा घास घेतला.

आत काही नव्हतं. ना सारण, ना बेदाणा. नुसती पारी, आणि हवा.

चीफनी तो घास गिळला. सव्वाशे माणसं बघत होती. "वा!" ते म्हणाले. "अप्रतिम!" आणि माइक पद्माकरकडे देऊन ते खाली बसले. भाषण पुरं न करता ते आयुष्यात पहिल्यांदाच बसले होते.

"सुमित्रा," ते कुजबुजले, खरोखर कुजबुजले. "हा रिकामा आहे गं."

"माहीत आहे. हातात घेतल्याबरोबर हलका लागला मला. तीनशे एकांत हा एकच. दुसऱ्या कुणाच्या पानात जायला नको, म्हणून बाजूला ठेवला होता."

"मग म्हणजे... मशीन चुकलं?"

"छे हो! मशीन कुठे चुकतं?" सुमित्राबाईंनी त्यांच्या पारीवर आणखी थोडं तूप घातलं. "दांडा दोनदा अर्धाच ओढून, दोन्ही हात सोडून मॅडम ओंगना 'झीरो रिजेक्शन, झीरो रिजेक्शन' म्हणून सांगत होतात, आणि त्या बेदाणा हातातच धरून ऐकत होत्या ना? त्या वेळचा आहे हा."